भस्माभोवतीचं कडं

सोमवार उजाडला की मुरुमच्या बाहेर, बेन्नीतुरा नदीच्या काठावरच्या चिंचेखाली पाय ठेवायला जागा राहत नसे. लोहाऱ्याकडून काळ्या-पिवळ्या जीपा यायच्या, कर्नाटकातून टेम्पो यायचे, आणि तामलवाडीसारख्या लांबच्या गावची माणसं आदल्या दिवशीच येऊन पाहुण्यांकडे मुक्काम ठोकायची. कुणाला ताप, कुणाचे गुडघे धरलेले, कुणाची म्हैस दूध देत नाही. सगळ्या दुखण्यांवर औषध एकच होतं, भस्मानंद बाबांचं कडू भस्म.

"ज्वरा, होगु!" बाबा ओरडायचे. ताप मराठी माणसाचा असो की कानडी माणसाचा, त्याला निघून जाण्याचा हुकूम कानडीतूनच मिळायचा. "हे साधं भस्म न्हाय, माय! बारा धुन्यांची राख हाय अन् त्यात माझं तप हाय. तप कडूच असतंय, म्हणून भस्म कडू! सकाळी एक चिमूट जिभंवर, एक कपाळाला. डाक्टर काय म्हणतो? रिपोर्ट आणा! आमचा रिपोर्ट हितं टांगलाय. बघा वर!"

गर्दी माना वर करायची. चिंचेच्या फांदीला भला मोठा फ्लेक्स बांधलेला होता. त्यावर काचेच्या गोल बशीचा फोटो. बशीत जंतूंचा थर दुधावरच्या सायीसारखा पसरलेला, मधोमध चिमूटभर भस्म, आणि भस्माभोवती स्वच्छ, गोल, मोकळं कडं. त्या कड्यात एक जंतू जिवंत राहिला नव्हता. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'विज्ञानानेही हात जोडले!' आणि त्याखाली हात जोडलेल्या विज्ञानाचा, म्हणजे मुरुमच्या लॅबवाल्या उमाशंकरचा, पासपोर्ट फोटो.

उमाशंकर त्या रस्त्यानं स्कूटरवरून गेला की मान खाली घालायचा. लोकांना वाटायचं, पोरगा विनयशील आहे.

हा फोटो निघाला त्याला चार महिने झाले होते. उमाशंकरची आई इरम्मा बाबांच्या नादी लागली आणि घरात रोज भस्माची पुडी येऊ लागली. उमाशंकरनं कुरकुर केली तेव्हा इरम्मा म्हणाली, "एवढा शाना हाइस तर तुझ्या त्या लॅबमधी तपासून बघ की." त्यानंही ते मनावर घेतलं. आईचं तोंड एकदाचं बंद करावं म्हणून त्यानं लॅबमधले पाळलेले जंतू बशीत पसरले, मधे भस्म ठेवलं आणि बशी रात्रभर उबेच्या पेटीत ठेवून दिली.

सकाळी बशी उघडली आणि त्यानं तोंडात बोट घातलं. भस्माभोवती कडं पडलं होतं.

आता खरं सांगायचं तर त्याच क्षणी त्याला एक गोष्ट खटकली होती. त्यानं सवयीनं पट्टी लावून कडं मोजलं. एकतीस मिलिमीटर. हा आकडा त्याला अनोळखी नव्हता. सिप्रो नावाच्या औषधाची टिकली याच जंतूंवर ठेवली की कडं तेवढंच पडतं, हे त्यानं शेकडो वेळा वहीत लिहिलेलं होतं. पण तोवर मागून इरम्मा येऊन उभी राहिली होती. तिनं बशी पाहिली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "माझ्या लेकानं देव पाह्यला," ती म्हणाली. आणि उमाशंकरनं पट्टी खिशात घातली.

त्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या विभूती लावतात. देवघरात विभूतीची गट्टी, म्हणजे राखेची घट्ट वडी, असतेच. त्या दिवशीही आंघोळ करून, कपाळावर तीन बोटं ओढूनच तो लॅबमध्ये आला होता. बाबांच्या भस्माशेजारी ठेवायला साधी राख शोधायला त्याला कुठं जायचीही गरज नव्हती, ती कपाळावर होती. तेवढी चिमूटभर राख दुसऱ्या बशीत ठेवली असती तर सगळा खेळ तिथंच संपला असता. त्यानं ठेवली नाही. विभूतीची परीक्षा कसली घ्यायची, असं त्यानं मनाला सांगितलं.

फोटो इरम्माच्या भजनी मंडळात गेला, तिथून गावात, गावातून सीमेपलीकडं. पुढच्या सोमवारी बाबांनी त्याला व्यासपीठावर बसवून शाल घातली. टाळ्या पडल्या. आयुष्यभर लोकांच्या लघवीच्या बाटल्या हाताळणाऱ्या माणसाला पहिल्यांदाच कुणी शास्त्रज्ञ म्हणत होतं. ते त्याला आवडलं, यात लपवण्यासारखं काही नाही.

दोन महिन्यांनी गावातल्या एका दवाखान्यात शिवांजली नावाच्या तरुण डॉक्टर आल्या. कुठल्याशा प्रशिक्षणाहून त्या एक खोकं घेऊन आल्या आणि थेट उमाशंकरच्या लॅबमध्ये ठेवून म्हणाल्या, "कोणत्या औषधानं जंतू मरतात हे सांगायला तुम्हाला किती दिवस लागतात?"

"एक दिवस जंतू वाढवायला, एक दिवस टिकल्या लावायला. तिसऱ्या दिवशी रिपोर्ट."

"यानं चार-पाच तासांत कळतं. नळ्यांत निळा रंग आहे. जंतू जिवंत राहिले तर निळ्याचं गुलाबी करतात. औषधानं मेले तर निळं ते निळंच. डोळ्यांनी दिसतं, मशीन लागत नाही. बाबांकडून येणारे तापाचे पेशंट माझ्याकडं फार उशिरा पोचतायत. त्यांचे नमुने पाठवते, चटकन बघू."

"बघू की, मॅडम," उमाशंकर म्हणाला. आणि त्यानं ते खोकं फ्रिजमध्ये अगदी मागं, रिकाम्या बाटल्यांच्या आड सारलं. त्या नळ्यांत काय दिसेल याचा त्याला अंदाज होता. अंदाज होता म्हणूनच त्यानं खोकं उघडलं नाही. डॉक्टरांनी नमुने पाठवले की तो जुन्या पद्धतीनं तीन दिवस लावायचा आणि तोवर पेशंट बहुधा उमरग्याला किंवा सोलापूरला गेलेला असायचा.

त्याच्याच गल्लीत पार्वतम्मा राहायची. कडक भाकऱ्या करून विकणारी, पन्नाशीची, तोंडानं फटकळ आणि हातानं सढळ बाई. उमाशंकर लहानपणी शाळेतून आला की आधी तिच्या चुलीपाशी जायचा. गुडघेदुखीसाठी ती तीन महिने बाबांचं भस्म चाटत होती. अशातच तिला लघवीला जळजळ सुरू झाली, पाठीत कळा आल्या आणि हुडहुडी भरून ताप आला. तिचा नवरा शिवप्पा शिवणकाम सोडून लॅबमध्ये आला.

"उमा, तुझ्या मावशीला दवाखान्यात न्यावं का भस्मच चालू ठिवावं? ती तर म्हणतीय, उमानं तपासलंय, मग डाक्टर कशाला?"

त्या वेळी लॅबमध्ये बाबांचे दोन भक्त बसले होते. नव्या फ्लेक्ससाठी फोटो घ्यायला आले होते. दोघांनी उमाशंकरकडं पाहिलं. शिवप्पानंही पाहिलं. "दवाखान्यात न्या" एवढे दोन शब्द बोलायचे होते.

"चार दिस भस्म चालू ठेवा, काका," उमाशंकर म्हणाला. "बघू."

चाराचे अकरा झाले. अकराव्या दिवशी सकाळी डॉक्टर शिवांजलींचा फोन आला. "पार्वतम्माबाईंना आणलंय. जंतू रक्तात गेलेत असं दिसतंय. रक्तदाब इतका खाली आहे की आत्ता सोलापूरला हलवताही येत नाही. अंदाजानं इंजेक्शन सुरू केलंय, पण अंदाज चुकला तर बाई हातातून जाईल. तुमच्याकडं तीन दिवस नाहीत, उमाशंकर. ते खोकं कुठाय?"

त्यानं बाटल्या बाजूला केल्या आणि खोकं काढलं. मागच्या बाजूला छापलेली मुदत संपायला वीस दिवस उरले होते.

लघवीचा नमुना आला. गढूळ, वासाचा. त्यानं सूचना दोनदा वाचल्या आणि नळ्या ओळीनं मांडल्या. पहिलीत औषध नाही, नुसते पार्वतम्माचे जंतू. दुसरीत सिप्रो. तिसरीत दवाखान्यात चालू असलेलं इंजेक्शन. चौथीत डॉक्टरांनी सुचवलेलं आणखी एक, जरा भारी. एक नळी उरली. टेबलाच्या खणात भक्तांनी ठेवलेल्या भस्माच्या पुड्या पडलेल्या होत्या. त्यानं एक फोडली आणि चिमूटभर पाचव्या नळीत टाकली. त्या क्षणी त्याच्या मनात कुठंतरी अजून आशा होती की भस्म खरं निघेल. ते खरं निघालं असतं तर तो वाचला असता. पार्वतम्माचा जीव टांगणीला लागलेला असताना आपण आपली सुटका शोधतोय, हे ध्यानात येऊन त्याला स्वतःची किळस आली.

साडेदहाला नळ्या उबेत ठेवल्या. शिवप्पा दारात स्टुलावर बसून होता. तो मापाची फीत बोटांना गुंडाळत होता आणि सोडत होता. उमाशंकरनं दर अर्ध्या तासानं पेटी उघडून पाहिली. एक वाजता पहिल्या नळीचा रंग जांभळट झाला. अडीचला नळ्यांकडं नीट बघता आलं.

पहिली गुलाबी. दुसरी, सिप्रोची, गुलाबी. तिसरी गुलाबी. पाचवी, भस्माची, गुलाबी. फक्त चौथी निळी.

त्यानं फोन लावला. "मॅडम, चालू इंजेक्शन बंद करा. चौथं द्या. चौथंच लागू पडतंय."

"नक्की?"

"नक्की. दोनदा बघितलं."

औषध बदललं. दुसऱ्या दिवशी ताप उतरायला लागला, रक्तदाब सावरला आणि तिसऱ्या दिवशी तिला सोलापूरला नेता आलं. पार्वतम्मा जगली. पण अकरा दिवसांत तिच्या दोन्ही मूत्रपिंडांनी मार खाल्ला होता. आठवड्यातून दोनदा डायलिसिस करावं लागेल, कदाचित कायमचं, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं.

उमाशंकरच्या डोळ्यांसमोरून पाचवी नळी हलत नव्हती. लॅबच्या जंतूंना मारणारं भस्म पार्वतम्माच्या जंतूंपुढं हरलं होतं, आणि नेमकं जिथं सिप्रो हरलं होतं तिथंच. चार महिन्यांपूर्वी जे करायला हवं होतं ते त्यानं आता केलं. देवघरातून विभूतीची गट्टी उचलली, लॅबमध्ये नेली आणि भस्माच्या शेजारी ठेवून तपासली. विभूतीभोवती कडं पडलंच नाही. मग तो घरी येऊन आईसमोर बसला आणि एकतीस मिलिमीटरच्या आकड्यापासून दारात बसलेल्या शिवप्पापर्यंत सगळं सांगून टाकलं.

इरम्मा म्हणाली, "म्या तुला देव पाह्यला म्हणले तवा तू गप का बसलास?"

"सोमवारी म्या येते तुज्यासंगं," मग तीच म्हणाली.

सोमवारी उमाशंकर नळ्यांचं स्टँड आणि उबेची पेटी घेऊन चिंचेखाली आला तेव्हा बाबांना आनंदाचं भरतं आलं. सोबत डॉक्टरीण बघून तर ते फुलूनच गेले. "आज आमचे शास्त्रज्ञ दुसरा रिपोर्ट देणार!" त्यांनी माईकवरून जाहीर केलं. "डाक्टरबाई पन शरण आल्या! बोला, हर हर महादेव!"

उमाशंकरनं बंद बुचाच्या नळ्यांची ओळ सगळ्यांना दिसेल अशी मांडली. सगळ्या निळ्या. चार नळ्यांत लॅबचे पाळीव जंतू होते, दोन नळ्यांत पार्वतम्माचे. पहिली तशीच ठेवली. दुसरीत इरम्मानं स्वतःच्या घरची विभूती टाकली. तिसरीत बाबांनी स्वतःच्या हातानं, मंत्र म्हणत, भस्म टाकलं. चौथीत दुकानातून आणलेली सिप्रोची गोळी सगळ्यांदेखत खलात कुटून घातली. पार्वतम्माच्या जंतूंच्या एका नळीत पुन्हा बाबांचं भस्म, दुसरीत पुन्हा गोळी. पेटीला कुलूप लावून किल्ली गर्दीतल्या एका म्हाताऱ्याकडं दिली. महाप्रसाद होताच, त्यामुळं साडेचार तास कुणी जागचं हललं नाही.

दुपारी पेटी उघडली. पहिली नळी गुलाबी झाली होती.

"जंतू जिवंत," उमाशंकरनं सांगितलं. "दुसरी, घरची विभूती. गुलाबी. जंतू जिवंत. तिसरी, महाराजांचं भस्म. निळी. जंतू मेले."

एकच जल्लोष झाला. बाबांनी दोन्ही हात वर केले. "बघा! घरची राख ती राखच, अन् तपाचं भस्म ते भस्म!"

"चौथी," उमाशंकर म्हणाला आणि त्यानं नळी स्टँडमधून उचलली. "चौथी बी निळी हाय. तिच्यात तप न्हाय. तिच्यात मेडिकलातली गोळी हाय."

जल्लोष अर्ध्यावरच थांबला. इरम्मानं खलातल्या भुकटीला बोट लावलं, जिभेला टेकवलं आणि सगळ्या बायकांकडं वळून म्हणाली, "हेच ते कडू गं. चार म्हैने खाल्लंय म्या. हेच."

बाबांचा चेहरा पडला, पण जीभ पडली नाही. "गोळीत बी देवच हाय! तो तिथं बी हाय अन् हितं बी!"

"मग ह्या दोन नळ्यांत देव कुठं गेला, महाराज?" उमाशंकरनं शेवटच्या दोन नळ्या वर धरल्या. दोन्ही गुलाबी होत्या. "हे पार्वतम्मा मावशीचे जंतू. तुमचं भस्म हरलं, गोळी बी हरली."

"तिची श्रद्धा कमी पडली!"

"श्रद्धा माणसाला असती, महाराज. नळीतल्या जंतूला काय श्रद्धा?"

कुणीतरी हसलं. मग डॉक्टर शिवांजली पुढं आल्या आणि त्यांनी साध्या शब्दांत सांगितलं. बरेचसे ताप चार-पाच दिवसांत आपणच जातात, श्रेय भस्माला मिळतं. काही ताप त्यात मिसळलेल्या गोळीनं जातात, श्रेय पुन्हा भस्माला. पण गोळी चिमटीनं, अर्धवट, गरज नसताना महिनोन्‌महिने पोटात गेली की कच्चे जंतू मरतात आणि निबर तेवढे उरतात. मग खरा आजार आला की तीच गोळी चालत नाही. "पार्वतम्माबाईंचे जंतू भस्मामुळंच निबर झाले असं मी शपथेवर सांगू शकत नाही," त्या म्हणाल्या. "पण तीन महिने रोज चिमूटभर औषध खाल्ल्यावर मला नवलही वाटत नाही. म्हणूनच कोणतं औषध चालतं ते आधी तपासायचं, आणि लवकर तपासायचं."

चिंचेमागं भस्म मळायची पत्र्याची खोली होती. गर्दी तिकडं वळली तेव्हा बाबा टेम्पोकडं वळले होते. त्यांना लोकांनीच अडवलं. पुढं औषध खात्याची माणसं आली, तेव्हा त्या खोलीत बारा धुन्या नव्हत्या. एक मिक्सर होता, गोवऱ्यांच्या राखेची पोती होती आणि गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटांनी भरलेलं एक पोतं होतं.

पण ते नंतर. त्या वेळी चिंचेखाली एक पोरगेला बाप लेकराला खांद्यावर घेऊन पुढं आला. "साहेब, चार म्हैन्यांमागं तुमीच म्हणला भस्म खरं. आज तुमीच म्हणताव खोटं. आमी कुणावर इश्वास ठिवावा?"

"माझ्यावर ठेवू नका," उमाशंकर म्हणाला. "आज बी ठेवू नका. कुणी बी चमत्कार दावला तर एकच इचारा, शेजारी साधी वस्तू ठेवून बघितली का? अन् तुमच्या डोळ्यांनी बघा. मला पयल्याच दिवशी शंका आलती. म्या गप बसलो. तुमी पुड्या नेत व्हता अन् म्या गप व्हतो. तुमच्या घरी कुणाला ताप असंल तर भस्म टाकून द्या अन् आजच डाक्टरांकडं या. तपासायला पैसा लागणार न्हाय, माझ्या लॅबमधी तर न्हायच."

लोक उठू लागले. काहींनी गळ्यात बांधलेल्या भस्माच्या पुड्या तोडल्या, काहींनी शिव्या दिल्या, बाबांना दिल्या तशा त्यालाही दिल्या. त्या त्यानं ऐकून घेतल्या. तेवढ्यात गर्दीच्या कडेला उभा असलेला शिवप्पा पुढं आला. तो सकाळीच सोलापूरहून आला होता आणि संध्याकाळच्या एसटीनं परत जाणार होता. त्यानं निळी नळी हातात घेतली, उजेडात धरून पाहिली.

"हे कळायला किती येळ लागला, उमा?"

"साडेचार तास, काका."

"अन् ह्या नळ्यांचं खोकं तुझ्याकडं कधीपासनं व्हतं?"

खोटं बोलायला जागा होती. डॉक्टर शिवांजली काही बोलल्या नसत्या.

"दोन म्हैन्यांपासनं," उमाशंकर म्हणाला. "म्या लॅबमधी बसलेलो असताना तुमी दारात आलता. त्या दिवशी बी ते फ्रिजमधीच व्हतं."

शिवप्पानं त्याच्याकडं पाहिलं. "मग का न्हाय काढलंस?"

"खोटा पडलो असतो, काका."

शिवप्पानं नळी अलगद स्टँडमध्ये ठेवली. तो ओरडला नाही, त्यानं हातही उगारला नाही. तसं केलं असतं तर उमाशंकरला बरं वाटलं असतं.

"तू खोटा पडला असतास तर काय झालं असतं रं?" तो म्हणाला. "चार लोक हसले असते. माझी बायको भाकऱ्या थापत बसली असती."

एवढं बोलून तो एसटी स्टँडकडं चालू लागला. दुसऱ्या दिवशी पार्वतम्माचं डायलिसिस होतं.